अस्सल कशावरून?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. लिलावात घेतलेला जुना कागद अस्सल आहे हे कशावरून ठरवता, हा प्रश्न माझे कपाट पाहून गेलेला जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो. निघता निघता दोन वाक्यांत देण्याजोगे याचे उत्तर नाही, म्हणून एकदा नीट मांडतो.

विचारणाऱ्याची नजर बहुतेक वेळा पत्राच्या तळाशी गेलेली असते, कारण सही तिथे असणार असे त्याने धरून ठेवलेले असते. मराठेशाहीच्या कागदांत ती नसते. शिवाजी महाराजांची पत्रे कारकुनांच्या हातची आहेत; माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हा लहान शिक्का, एवढ्यावर ते पत्र महाराजांचे ठरते. शेवटच्या शिक्क्याचा हेतू असा की त्याखाली कोणी मागाहून एक ओळही वाढवू नये. पेशव्यांच्या 'लेखनसीमा' या शिक्क्याचेही तेच काम. त्यामुळे 'महाराजांची सही असलेले पत्र सापडले आहे, काय किंमत येईल' असा निरोप कोणाकडून आला, तर मला तो कागद पाहण्याचीही गरज वाटत नाही. संभाजी महाराजांचे हस्ताक्षर मात्र आपल्याला पाहायला मिळते. कुडाळच्या बाकरे यांना १६८० मध्ये दिलेल्या संस्कृत दानपत्रावर 'मतं मे श्रीशिवराजपुत्रस्य' असा आरंभ असलेला मजकूर त्यांनी स्वहस्ते लिहिलेला आहे, आणि त्या अक्षरांचे छायाचित्र जरी समोर आले तरी मी बराच वेळ पाहत बसतो.

सही नसेल तर पाहायचे काय, हे मी नुकसान सोसून शिकलो. संग्रहाला लागून दोन वर्षे झाली असतील. एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एक पेशवेकालीन पत्र आले, त्यात लढाईचा उल्लेख होता, आणि मी दोन महिन्यांच्या पगाराइतकी बोली लावून ते घेतले. मोडी शिकवणाऱ्या गुरुजींकडे मोठ्या आनंदाने ते घेऊन गेलो. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. कागद खिडकीपाशी नेला, भिंग काढले, एका आडव्या घडीवर धरले आणि मला विचारले, ''आधी घडी, की आधी शाई?''

त्यांनी दाखवले ते असे. पत्र लिहून वाळले की त्याची घडी पडते, ते रुमालात, म्हणजे कागदांचे गाठोडे बांधायच्या कापडात, बांधले जाते, आणि शे-दोनशे वर्षांत घडीवरचे तंतू झिजून तुटतात. तंतूंबरोबर त्यांच्यावरची शाईही निघून जाते. म्हणून अस्सल पत्रात अक्षर घडीवर आले की भिंगाखाली ते तुटलेले दिसते, मधे कागदाचा फिकट रंग उघडा पडलेला असतो. माझ्या पत्रात शाई घडीच्या भेगेत उतरली होती आणि दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक रेघांनी फुटली होती. याचा अर्थ घडी जुनी होती, झिजलेली होती, आणि लेखणी तिच्यावरून अलीकडे फिरली होती. जुन्या कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्यांत मागे कोरी पाने राहिलेली असतात. तसलेच एखादे पान कोणीतरी वापरले असणार. कागद अस्सल होता, पत्र बनावट होते. यात एक सावधगिरी लागते. समास आखण्यासाठी कारकून लिहिण्याच्या आधीच कागदाला उभी घडी घालत, तेव्हा त्या घडीवर शाई मागाहूनच आलेली असते. पण तेव्हा कागद नवा आणि घोटलेला असल्यामुळे शाई तिथे फुटत नाही.

घोटलेला म्हणजे काय हे हात लावल्याशिवाय कळत नाही. जुन्नर आणि दौलताबाद इथला हातकागद त्या काळी नावाजलेला होता, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद अलीकडेपर्यंत बनत आला आहे. खळ लावून गुळगुळीत दगडाने घासलेला तो कागद तिरप्या उजेडात धरला की त्यावर मंद झळाळी येते आणि अक्षर त्यावर तरंगल्यासारखे दिसते. शाई काजळाची. काजळ म्हणजे कार्बन. तो उडत नाही, तपकिरी होत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी अक्षर आजही काळेभोर असते. युरोपातली जुनी शाई लोहाची असल्यामुळे तपकिरी पडते आणि कागदही खाते, आणि तसल्या पत्रांची चित्रे पाहून पुष्कळांनी मनाशी बांधून घेतले आहे की शाई तपकिरी म्हणजे कागद जुना. बनावट करणारे याचाच फायदा घेतात. पेशवाईचे म्हणून तपकिरी शाईतले मोडी पत्र समोर आले की मी जास्त सावध होतो.

लेखणीचेही तसेच. बोरू, म्हणजे वेताची लेखणी, तिरका कापलेला असतो, म्हणून त्याची रेघ वळणावर जाड-बारीक होते. लिहिणारा आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिला टांगत जातो. इंग्रजी अमदानीत टाक, म्हणजे पोलादी टोकाची लेखणी, आला आणि मोडीची रेघ एकसारखी, किरकोळ झाली. शनिवारवाड्यातून सुटलेल्या पत्रात पोलादी टाकाची रेघ दिसली, तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.

तारखेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण तिथे खोटेपणा हमखास उघडा पडतो. वर्ष शुहूर सनाचे, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेचे, तेही अरबी अंकशब्दांत लिहिलेले: 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६२-६३ येते. दिवस 'छ' लिहून चांद्र महिन्याचा दिलेला असतो. ही दोन्ही एकमेकांशी जुळावी लागतात, आणि शिक्क्याशीही जुळावी लागतात, कारण पेशव्यांच्या शिक्क्यात गादीवरच्या छत्रपतींचे नाव असते. थोरल्या शाहू महाराजांचा काळ डिसेंबर १७४९ मध्ये झाला. १७६३ च्या पत्रावर शाहू नरपतींचा शिक्का दिसला, तर मी कॅटलॉग मिटून ठेवतो. पण १७७७ नंतरच्या पत्रावर तेच नाव दिसले तर घाई करू नये. तेव्हा गादीवर धाकटे शाहू महाराज होते.

आणि मग कागद उलटा करायचा. कॅटलॉगमध्ये बहुधा दर्शनी बाजूचेच छायाचित्र असते. माझ्या दृष्टीने निम्मा पुरावा मागच्या बाजूला असतो. पत्र पोहोचले की पोहोचल्याची तारीख त्यावर नोंदवीत. तिला पैवस्ती म्हणतात. 'पै॥ छ' अशी ती बारीक ओळ दुसऱ्याच हाताची, दुसऱ्याच शाईची, अनेकदा घाईत खरडलेली असते. पत्र निघाल्याची तारीख आणि पैवस्ती यांच्यामध्ये जासुदाच्या, म्हणजे पत्र नेणाऱ्याच्या, वाटेचे दिवस असतात. पुणे ते दिल्लीकडची छावणी हे अंतर एका दिवसात कापले गेलेले दिसले, तर कागद खोटा किंवा माझे वाचन चुकलेले, आणि आधी मी माझे वाचन तपासतो. बनावट करणारा पत्र लिहितो. ते कोणाला तरी मिळाले होते हे त्याच्या ध्यानात येत नाही.

या सगळ्यानंतर मजकूर. हे उलटे वाटेल, पण मजकुरावर मी शेवटी जातो, कारण तो आधी वाचला की मन त्याच्या बाजूने झुकते. मला एकच गोष्ट पाहायची असते: या कागदाला काम काय होते? खऱ्या पत्राला काम असते. बैल पाठवा, दाणा पोहोचला नाही, इनामाच्या शेताची शीव अमक्याने मोडली, वराता (पैसे देण्याचे हुकूम) पटवून द्या. माझ्या त्या बनावट पत्रात असे काहीच नव्हते. त्यात शौर्य होते, स्वामिनिष्ठा होती, दोन मोठी नावे होती, आणि मिळाल्यावर करायचे असे घेणाऱ्याला काहीच सांगितलेले नव्हते. ते पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखा गिऱ्हाईक होता.

आधुनिक काळाच्या वस्तूंनाही मी हेच लावतो. जर्मनीतल्या 'स्टर्न' साप्ताहिकाने १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून ज्या डायऱ्या छापायला घेतल्या, त्यांच्या कागदात युद्धानंतर वापरात आलेले चकाकी आणणारे रसायन निघाले. ते अतिनील प्रकाशात चमकते. त्या बनावट डायऱ्या लिहिणाऱ्या कॉनराड कुजाऊ याने पाने जुनी दिसावीत म्हणून त्यांवर चहा ओतला होता. माझ्या कपाटातही एक लहान अतिनील टॉर्च आहे, पण ती आधुनिक कागद पकडते. जुन्या कोऱ्या पानावरची नवी शाई पकडायला भिंगच लागते.

गांधीजींच्या सह्या बाजारात पुष्कळ येतात. हरिजन फंडासाठी ते एका सहीचे पाच रुपये घेत, त्यामुळे त्या देशभर विखुरल्या, आणि सुट्या कागदावरच्या एका सहीमागे काही इतिहास जोडता येत नाही. अक्षरावरून ठरवू म्हणाल तर तेही सोपे नाही. 'हिंद स्वराज्य' १९०९ मध्ये बोटीवर लिहिताना उजवा हात दुखला म्हणून त्यांनी २७५ पैकी सुमारे ४० पाने डाव्या हाताने लिहिली, आणि पुढेही ते दोन्ही हातांनी लिहीत राहिले. इथे मालकीची साखळी उपयोगी पडते. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी वापरलेला चरखा २०१३ मध्ये इंग्लंडातल्या लिलावात १,१०,००० पौंडांना गेला. त्यांनी तो फ्लॉइड पफर या अमेरिकी मिशनऱ्याला स्वतः दिला होता. कोणाकडून कोणाकडे गेला हे सांगता येत नसते, तर त्या लाकडाला ती किंमत कशी आली असती?

साखळीचे हे महत्त्व पटल्यामुळेच मला एका गोष्टीचा मनापासून त्रास होतो. सहीला भाव येतो म्हणून लोक पत्राच्या तळाची पट्टी कापून चौकटीत बसवतात, आणि रुमालातले एखादे वजनदार नावाचे पत्र काढून घेऊन बाकीचे रद्दीत घालतात. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला, तेव्हा त्यांच्या हाती पत्रांचा जथा होता. एक पत्र दुसऱ्याची तारीख पक्की करत होते, तिसरे चौथ्यातल्या माणसाची ओळख देत होते. सुटे झालेले पत्र अस्सल असूनही मुके होते. म्हणून मी शक्य तेव्हा रुमालच घेतो, त्यात एकही प्रसिद्ध नाव नसले तरी. आणि तुमच्या घरी असा रुमाल असेल तर कळकळीची विनंती आहे की तो फोडू नका. आधी जसा आहे तसा, क्रम न बदलता, प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तूत मोडते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही, हेही विकण्याचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ते बनावट पत्र मी परत केले नाही, विकलेही नाही. नव्याने मोडी शिकणारे कोणी घरी आले की भिंगासह तेच आधी त्यांच्या हातात देतो. सध्या माझ्यासमोर पुढच्या लिलावातले एक पत्र आहे: काळी शाई, बोरूची रेघ, चार खंडी दाण्याची मागणी, तारीख शिक्क्याशी जुळणारी. मागच्या बाजूचे छायाचित्र मागून आठ दिवस झाले. ते आल्याशिवाय मी बोली लावणार नाही.