पब्लिकेशन लिस्ट दोनदा परत आली, माझा अनुभव

एका संस्थेत असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि माझी पब्लिकेशन लिस्ट तिथून दोनदा परत आली. संस्थेचं नाव नाही घेत, पण अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून काढतेय.

फी, सर्टिफिकेटं, रेफरन्स लेटर सगळं आठवड्यात उरकलं. अडलं ते पेपरांवर. माझी पीएचडी पुण्यात, लिशमानिया मेजरवर, म्हणजे काळा आजार करणाऱ्या परजीवीचा भाऊबंद, हा कातडीवर व्रण करतो. तेव्हाचे सहा पेपर 'कुलकर्णी एस डी' नावाने, डी म्हणजे बाबा. मग लग्न झालं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव-आडनाव लागलं, आणि अमेरिकेत कॅन्सर इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवण्याच्या उपचारात, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केली तिथले पेपर 'जोशी एस पी'. त्यातल्या दोघांत मधलं अक्षरच गळलं, नुसतं 'जोशी एस', आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, 'जोशी एस' शोधा म्हणजे कळेल, हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर सगळे त्यात. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर माझी तीन प्रोफाइल निघाली, एकात डायबेटिसचे पेपर, जे माझे नाहीतच.

स्क्रूटिनीच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, हे दोन वेगळ्या बायकांचे पेपर आहेत." मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं, तर म्हणे नाव बदलल्याचं राजपत्र आणा. मी ते आधीच काढलेलं होतं म्हणून वाचले, तुमचं नसेल तर आजच अर्ज करा. नाव मान्य झालं, लिस्ट घेतली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा परत. या वेळी सहा लिशमानिया पेपरांभोवती पेन्सिलीचा गोल आणि बाजूला 'असंबंधित'. का, तर जाहिरातीत विषय कॅन्सर इम्युनॉलॉजी.

हे मला फार लागलं. पीएचडीत दर आठवड्याला उंदराच्या मागच्या पंजाची सूज कॅलिपरने मोजायचे मी, बाल्ब-सी जातीच्या उंदराची सूज वाढतच जायची आणि सी-५७ ब्लॅक-६ वाला बरा व्हायचा, कारण त्याच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) योग्य दिशेने वळलेल्या, इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीला, परजीवी मारायला लावणाऱ्या. पुढे अमेरिकेत तसाच कॅलिपर हातात, फक्त आता पंजाऐवजी कातडीखालची गाठ मोजत होते आणि प्रश्न तोच, टी पेशी लढतेय का थकलीय. टी पेशी थकते हे आधी उंदरांतल्या जुनाट व्हायरस इन्फेक्शनमध्ये दिसलं होतं, कॅन्सरमध्ये नंतर. २०१८ चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं ते टी पेशीचा ब्रेक काढून तिला कॅन्सरशी लढवण्यासाठीच. मग माझी सहा वर्षं असंबंधित कशी?

टेबलावर वाद घालून उपयोग नाही, दोन चकरा आणि घसा वाया गेला माझा. शेवटी एका पानाची नोट केली, वरच्या चार ओळींत दोन्ही कामांचा धागा आणि खाली तक्ता: पेपर, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), पबमेड नंबर, छापलेलं नाव, तेव्हाची संस्था. सोबत पीएचडी गाइड सरांचं पत्र जोडलं, आणि अर्जात स्पष्ट लिहिलं की ही नोंद विषयतज्ज्ञांपुढे ठेवावी. हे वाक्य घालाच, कारण संबंधित की असंबंधित हे टेबलाने नाही, तज्ज्ञांनी ठरवायचं असतं. एकूण अकरा आठवडे गेले, सहाच्या सहा पेपर धरले गेले, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न लिशमानियाच्या पेपरवरच आला. त्या दिवशी मी रडले घरी येऊन.

स्कोपसची प्रोफाइल एकत्र करायची विनंती ऑनलाइन टाकता येते, पण जाहिरात यायच्या आधी टाका. ऑर्किड (ORCID), म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, फुकट आहे, मी ते फार उशिरा काढलं, पहिल्याच पेपरच्या आधी काढा आणि सबमिट करताना प्रत्येक वेळी जोडा. गूगल स्कॉलर आपोआप दुसऱ्यांचे पेपर आपल्यात घालतं, सेटिंगमध्ये 'आधी ईमेल करा' निवडा. प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि छापलेला पेपर दोन म्हणून मोजू नका, लगेच पकडतात. आणि मुलींनो, लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर बदला, पण पेपरवर पहिल्यापासूनचं एकच नाव ठेवा, पासपोर्टशी त्याचा संबंध नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हो, आणि नोट दिल्यावर आवकचा शिक्का मारलेली कॉपी घ्या. माझी पहिली नोट फाइलमध्ये सापडलीच नव्हती.