रिपोर्ट नॉर्मल आहे

"रिपोर्ट तर नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारा टीएसएच, ३.८. आकड्याशेजारी पेनाने बरोबरची एक छोटीशी खूण.

त्या खुणेपुढे माझं तोंडच बंद झालं. कंगव्यात येणारा केसांचा पुंजका, भर दुपारी येणारी झापड, बोलता बोलता हरवणारे शब्द, सगळं सांगायचं ठरवून गेले होते.

दोन वर्षांत थायरॉइडच्या गोळीचा डोस चार वेळा बदलला. ५० मायक्रोग्रॅमवरून ७५, मग १००. शंभरवर छातीत धडधड, रात्रभर टक्क जागी. पुन्हा ७५. आता ८८. आणि दर बदलानंतर सहा ते आठ आठवडे थांबायचं, कारण त्याआधी टीएसएच स्थिरावतच नाही. नवा डोस चुकीचा ठरवला गेला असेल तर तेवढे आठवडे तसेच काढायचे. उपाशीपोटी गोळी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब, सगळं काटेकोर पाळते हो मी.

दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "डॉक्टर, मागच्या वर्षी १.६ होता ना, तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं."

त्यांनी फाइल मागितली. जुने रिपोर्ट पहिल्यांदाच शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ बघत राहिले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात. आकडा चौकटीत बसतो, पण माझं बरं वाटणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

तुम्ही तुमच्या डॉक्टरांना हे कसं सांगता?