हुशार बाळाची इच्छा आणि पुढच्या पिढ्यांची जनुके

प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतासह २० देश-प्रदेशांत केलेल्या पाहणीतील एक आकडा मला अस्वस्थ करतो. जन्मतःच असणाऱ्या गंभीर आजारावर उपाय म्हणून बाळाच्या जनुकांत बदल करणे योग्य आहे, असे या सर्व ठिकाणचा मध्यक घेतला तर ७० टक्के लोक म्हणतात. बाळ अधिक बुद्धिमान व्हावे म्हणून तसे करणे मात्र १४ टक्क्यांनाच योग्य वाटते. भारतात हा दुसरा आकडा ६४ टक्के आहे.

लोकांना कळत नाही, असे म्हणून हे मत झटकून टाकणे अन्यायाचे होईल. ज्या घराचे सारे भवितव्य मुलाच्या एका प्रवेशपरीक्षेवर अवलंबून असते, त्या घराला बुद्धी ही चैन वाटत नाही. परंतु बुद्धिमत्तेवर असंख्य जनुकीय फरकांचा थोडाथोडा प्रभाव असतो, शिवाय पोषण आणि शिक्षण यांचाही असतो. त्यामुळे एखाददुसरे जनुक बदलून हुशार मूल घडवता येत नाही. भ्रूणात केलेला बदल मात्र त्या मुलाच्या संततीतही उतरू शकतो. चीनमधील शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये भ्रूणावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली, तेव्हा जगभरातून निषेध झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

मला अधिक भीती वाटते ती आपल्याच इतिहासाची. गर्भजल परीक्षा आपल्याकडे आली ती गर्भातील दोष ओळखण्यासाठी, पण मुलगी नको असलेल्या घरांनी आणि त्यांना साथ देणाऱ्या डॉक्टरांनी तिचा असा वापर केला की १९८८ मध्ये महाराष्ट्राला तिच्या नियमनाचा कायदा देशात सर्वप्रथम करावा लागला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या.

विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वेदना सोसणाऱ्या कुटुंबांची आशा यामुळे खोटी ठरत नाही. या आजारावर जनुक-संपादनाचा, म्हणजे जनुकांत नेमका बदल करण्याचा, जो उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, तो रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींपुरताच असतो आणि पुढच्या पिढीत जात नाही. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. लोकमताचा दबाव आणायचाच असेल, तर तो हा उपचार आपल्या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचावा यासाठी आणला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.