मृत शब्दांची वही: 'ईक'पाशी अडकलेला महिना

महिन्याला चार शब्द पुरे करीन, असं गेल्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. झाला एकच, तोही धड नाही. शब्द आहे इंग्रजीतला, वापरातून गेलेला 'ईक' (eke), अर्थ 'सुद्धा', 'शिवाय'. रोमन स्पेलिंग बघून मला आधी आपला 'एक'च आठवला. त्या दोघांचा काही संबंध नाही. आपल्या 'एक'चा भाऊबंद इंग्रजीतला 'वन'.

मला हा भेटला इंग्रज कवी विल्यम कूपरच्या १७८२च्या 'जॉन गिल्पिन' या विनोदी कवितेत. पहिल्याच कडव्यात गिल्पिन हा लंडनचा पतवान नागरिक आणि 'ईक' शहराच्या रक्षक पथकाचा कप्तान. मी नोंद केली, 'अठराव्या शतकापर्यंत प्रचलित'. ती खोडावी लागली. कूपरने तो मुद्दाम, जुन्या गाण्यांची नक्कल म्हणून घातला होता. त्याच्याही आधी शेक्सपिअरने 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये तो भाते दुरुस्त करणाऱ्या फ्लूटच्या तोंडी दिला, तोही हसं करायलाच. गप्पांच्या मध्येच कुणी 'तद्वतच' म्हणालं की आपण जसं वळून बघतो, तसं. जुना इंग्रज कवी चॉसर याच्याकडे मात्र, म्हणजे शेक्सपिअरच्या दोनशे वर्षं आधी, 'कँटरबरी टेल्स'च्या पाचव्याच ओळीत हा शब्द अगदी सरळ चेहऱ्याने येतो. तेवढ्या काळात तो भारदस्त होता तो नाटकी झाला.

खरा वेळ गेला तो 'निकनेम'वर. मूळ शब्द 'ईकनेम'. मी त्याची फोड 'सुद्धा-नाव' अशी केली आणि पुन्हा आपटलो. यातला 'ईक' हा 'वाढ, भर' या अर्थाचं वेगळं नाम आहे, म्हणजे हे वाढीव नाव, खऱ्या नावाला जोडलेली पुरवणी. स्वीडिशमध्ये अजून 'ओकनाम्न' म्हणतात. इंग्रजीत 'ॲन ईकनेम' म्हणता म्हणता 'न' पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. साधारण १४४०च्या 'प्रॉम्प्टोरियम पार्व्युलोरम' या इंग्रजी-लॅटिन कोशात 'नेकनेम' आणि 'ईकनेम' शेजारी शेजारी दिलेले आहेत. चोरी चालू असतानाच कोशकाराने ती टिपली म्हणायची.

उलटी चोरीही होते. 'अंपायर' मूळचा 'नूंपेर', फ्रेंचमधून आलेला. जो कुणाच्या जोडीचा नाही, दोन्ही बाजूंना धरून नाही, तो. इथे 'न' मागे पळाला. 'ॲप्रन' आणि 'ॲडर' (एक विषारी साप) यांनीही आपला सुरुवातीचा 'न' असाच गमावला. या यादीत 'ऑरेंज' घालायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण तो 'न' इंग्रजीपर्यंत पोचलाच नव्हता, युरोपातल्या वाटेवरच गळून पडला होता. स्पॅनिशच्या 'नारांखा'त तो शाबूत आहे, आणि आपल्या 'नारिंगा'त तर आहेच.

मग क्रियापद. 'ईक' म्हणजे वाढवणं, आणि हे मेलेलं नाही, 'ईक आउट' अशी कुबडी घेऊन चालतंय. कमी पडलं त्यात भर घालणं हा जुना अर्थ. पुढे आहे ते पुरवून पुरवून वापरणं, आणि आता कसंबसं पोट भरणं. एका शब्दात हे सगळं कसं मावलं, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. उत्तर घरातच होतं. परीक्षेत आपण 'पुरवणी' मागतो ती भर, आणि महिनाअखेर साखर 'पुरवून' वापरतो ती काटकसर. दोन्ही 'पुरवणं'च की!

नामही जिवंत सापडलं. ब्रिटनमधले मधपाळ पेंढ्याच्या टोपलीसारख्या पोळ्यात जागा वाढवायला खाली पेंढ्याचंच एक कडं लावत, ते 'ईक'. आजच्या लाकडी पेटीला उंची द्यायला बसवतात त्या उथळ चौकटीलाही हेच नाव. स्कॉटलंडच्या कायद्यात मृताची आणखी मालमत्ता मागाहून सापडली, की मंजूर झालेल्या यादीला जी जोड देतात तीही 'ईक'च, फक्त स्पेलिंग निराळं.

मुळाबद्दल. क्रियापद आणि नाम यांचा धागा सरळ आहे. लॅटिन 'आउगेरे', म्हणजे वाढवणं, त्याच घरातलं. त्यातूनच बोली चढत जाते ते 'ऑक्शन'. झाडाची वाढ करणारं 'ऑक्झिन' ग्रीक बाजूने आलेलं. संस्कृतकडून याच कुळात 'ओजस्' आणि 'उग्र' बसतात. 'सुद्धा'वाला 'ईक' मात्र वादात आहे. जर्मन 'आउख', डच 'ओक' आणि डॅनिशमधला 'आणि' या अर्थाचा 'ओग' हे त्याचे सख्खे, यावर सगळ्यांचं एकमत. पण तोही 'वाढ'मधूनच आला, की दोन जुन्या अव्ययांच्या जोडणीतून, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. मला पहिला पटतो, कारण 'आणखी वाढ' म्हटल्यावर 'सुद्धा' फार लांब राहत नाही. तरी वहीत पेन्सिलनेच लिहिलंय.

तर 'ईक'ची आता तीन पानं. त्यातलं एकच मृतांच्या विभागात राहिलंय, बाकीची दोन काढून कुठे लावायची ते ठरायचंय. पुढचा शब्द 'नंचन', दुपारचं हलकं खाणंपिणं. त्यासाठी आधी 'नून' हा शब्द दुपारी तीनवरून बारावर कसा सरकला ते बघावं लागेल. म्हणजे तोही महिना गेलाच.