आधी गायचं, मग वाजवायचं

आज ग्लासगोत एका वयस्कर पाइपरच्या, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या, शिकवणीला जाऊन बसले. बॅगपाइप अजून पेटीतच. आजोबा नुसतं गात होते: हीहारिन, होद्रोहो... आणि समोरची मुलगी बोटं चालवत तेच म्हणत होती. तबल्याच्या क्लासातली पढंतच की ही! स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत याला कांटरख्क म्हणतात. स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पिब्रॉख, म्हणजे बॅगपाइपचं शास्त्रीय संगीत, असाच तोंडी शिकवला गेला.

मग त्यांनी पिशवी फुगवली. स्वर फक्त 9. हवा वाहतच राहते, त्यामुळे मध्ये क्षणभरही थांबता येत नाही. तोच स्वर पुन्हा हवा तर मध्ये निसटता कणस्वर घ्यायचा. किती अवघड! शेवटी सुरुवातीची संथ चाल परत आली, तेव्हा डोळे भरून आले. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.