लातुरात उन्हाळ्याच्या तोंडावर माळवं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘काकू, इथं प्यायच्या पाण्याची मारामार, अन् तुम्ही परसात माळवं कसं काय लावता?’ फाटकाशी उभं राहून दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं गाव आहे हे.

मोबाइलवर थंड मुलखातल्या बागा बघून वसंतात लागवडीला निघू नका. आपल्याकडे होळी झाली की ऊन अंगावर येतं. बी टाकायचं ते महाशिवरात्रीच्या आगेमागे, म्हणजे ऊन तापेस्तोवर मुळ्या खोल जातात. पाडव्याला टाकलेलं बीही उगवतं, पण ते जगवताना नाकी नऊ येतात. टोमॅटोचा नाद तर सोडाच. पारा पस्तिशीच्या वर चढला की फूल गळतं, फळ धरत नाही. भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा, दोडका, कारलं ही मात्र उन्हाला दाद देत नाहीत. कारल्याचं बी टणक, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मगच लावा.

आता पाणी. बिनरंगाचा, कच्चा न राहिलेला साधा मातीचा माठ घ्या आणि गळा दोन बोटं वर ठेवून जमिनीत पुरा. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. वीतभर अंतरावर चारी बाजूंनी वेलाचं बी लावा. माती कोरडी पडली की माठ पाझरतो, ओल असली की पाझर मंदावतो. मुळ्या आपसूक माठाकडे वळतात. रोप बोटभर होईस्तोवर वरूनही थोडं पाणी लागतं; पुढं दोन-तीन दिवसांनी माठ भरला की झालं. वर सोयाबीनचं भुसकट जाड अंथरा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि मुळ्या तोडते; भुसकटाखाली तेवढी फाटत नाही.

तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी माझ्याकडे बागेतच जातं. आरओतून बाहेर पडणारं मात्र घालू नका. बोअरचं पाणी मुळात खारं, त्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. मातीवर पांढरी पूड दिसायला लागली की समजा.

फुलांत सदाफुली, झिनिया आणि ऑफिस टाइम, एवढ्यावर भागवा. गुलाबाचे लाड उन्हाळ्यात कुणी करावेत? मोगरा जानेवारीतच छाटलेला बरा.

‘दोडक्याला फुलं येतात, पण दोडके लागत नाहीत’ हीही तक्रार नेहमीची. आधी येतात ती नर फुलं, ती गळायचीच. मादी फुलाच्या मागं करंगळीएवढा दोडका असतो. फूल उमलतं संध्याकाळी, तेव्हा मधमाशी नसते. म्हणून नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. अंधार पडायच्या आत उरका.