म्युनिकला गोड, साल्झबर्गला खारट

म्युनिकमधील एका चित्रपटगृहात खाण्याच्या काउंटरवरील मुलाने मला "ज्यूस?" असे विचारले आणि मी मान डोलावली, तिथूनच या सगळ्या घोळाला सुरुवात झाली. भाची तिकिटांच्या यंत्रापाशी अडकली होती, मला जर्मन येत नव्हते, आणि या देशात पॉपकॉर्नबरोबर रस देण्याची पद्धत असेल तर आपण कशाला मोडता घालायचा, असा विचार करून मी होकार दिला. त्याने कागदी पिशवी काठोकाठ भरून माझ्या हाती दिली, पैसे घेतले, आणि मी रसाची वाट पाहत तिथेच उभी राहिले. रांगेतील मागची मंडळी खाकरू लागली तेव्हा भाची धावत आली आणि तिने मला बाजूला घेतले. तो मुलगा ज्यूस म्हणालाच नव्हता. तो "झ्यूस" म्हणाला होता, आणि झ्यूस म्हणजे गोड.

मी सोलापूरची. लाह्या म्हटल्या की आमची जीभ आधीच मिठाच्या आणि तिखटाच्या तयारीत बसते. त्यामुळे दिवे मालवल्यावर पहिली मूठ तोंडात टाकली आणि मीठ येईल तिथे साखर आली, तेव्हा कुणीतरी आपल्याला दुसऱ्याचे ताट वाढले आहे असेच क्षणभर वाटले. आपल्याकडे मॉलमध्ये मिळतो तसा तपकिरी, कडक कॅरॅमलचा तो प्रकार नव्हता. दाणे दिसायला पांढरेच होते. फक्त त्यांच्यावर काचेसारखा पातळ, जेमतेम जाणवणारा साखरेचा पापुद्रा होता, तोही सगळ्यांवर सारखा नव्हता. एक लाही अगदी गोड, पुढची दोन फिकी, मग एकीच्या खाचेत साखरेचा थेंब गोठून बसलेला. अर्धी पिशवी संपेपर्यंत ती पापुद्र्याची कुरकुर मला आवडू लागली होती, हे मात्र मी भाचीला सांगितले नाही.

चित्रपट संपल्यावर आम्ही काउंटरपाशी थोडा वेळ रेंगाळलो, कारण काचेआडची कढई पुन्हा सुरू झाली होती. तेल, मका आणि साखर तिन्ही एकदमच आत पडतात. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असते. सुमारे १८० अंश सेल्सियसला त्याच्या वाफेचा दाब टरफलाला पेलवेनासा होतो आणि दाणा फुटतो. अडचण अशी की त्या तापमानाच्या आसपास साखरही वितळून करपायच्या बेताला येते, म्हणून कढई सतत ढवळावी लागते आणि शेवटचे दोन-चार दाणे फुटायची वाट न पाहता ती उपडी करावी लागते. मिठाला हे नखरे नाहीत. मात्र ते कोरड्या लाहीला चिकटत नाही, पिशवीच्या तळाशी जाऊन बसते, त्यासाठी तेलाचे बोट आणि पिठासारखे बारीक मीठ लागते. साखरेची कढई आणि मिठाची कढई वेगळी ठेवण्यातच शहाणपण आहे; त्या चित्रपटगृहात कढई एकच होती आणि ती कोणाची हे उघड होते. खारट पॉपकॉर्नही फलकावर होते, पण ते मागितले असते तर पाकिटातून काढून दिले असते.

खरे तर गोड लाहीचे मला एवढे नवल वाटायला नको होते. नागपंचमीला तवा चुलीवर चढवायचा नाही, म्हणून आई आदल्या दिवशीच ज्वारीच्या लाह्या फोडून ठेवत असे, आणि त्या दोन-तीन दिवस आमच्याकडे सगळ्या चवींनी खाल्ल्या जात. सकाळी दूध-गुळात, दुपारी हिंग-हळदीची फोडणी देऊन, आणि उरलेल्यांचे पीठ ताकात मीठ घालून. लाही एकच, चव वेळेप्रमाणे. चित्रपटगृहात मात्र आपल्या मनाने मिठाचा पक्ष कधी घेतला कोण जाणे. आपल्या करआकारणीनेही तो एकदा घेतला होता: डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर असे स्पष्ट करण्यात आले की त्या वेळच्या दरांप्रमाणे मीठ-मसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न ५ टक्क्यांत बसत होते आणि कॅरॅमलचे पॉपकॉर्न साखरेची मिठाई म्हणून १८ टक्क्यांत जात होते. त्यावर तेव्हा विनोद खूप झाले, पण म्युनिकमध्ये बसून मला त्यातला मुद्दा पटला. साखर लागली की तो पदार्थ फराळाच्या डब्यातून उठून खाऊच्या पुडीत जातो. सप्टेंबरची अखेर असल्याने ऑक्टोबरफेस्ट सुरू होता, आणि तिथल्या जत्रेत साखरेत घोळवून भाजलेले बदाम, म्हातारीचे केस आणि पॉपकॉर्न एकाच गाड्यावर मांडलेले मी पाहिले होते. जर्मन माणसाच्या लेखी पॉपकॉर्न हा जत्रेतला खाऊ आहे, असा माझा अंदाज मी भाचीला ऐकवला. ती म्हणाली, "मावशी, उद्या साल्झबर्गला जातोय ना, तिथे बघ."

म्युनिकहून साल्झबर्गला जाणाऱ्या प्रादेशिक गाडीला पावणेदोन-दोन तास लागतात. साल्झबर्ग ऑस्ट्रियात असले तरी बव्हेरिया राज्याचे दिवसभराचे तिकीट तिथपर्यंत चालते, हे कळल्यावर माझ्यातली काटकसरी गृहिणी सुखावली. रोझेनहाइम, मग कीमझे तलावाच्या बाजूचे प्रीन, ट्राउनश्टाइन, आणि फ्रायलासिंगनंतर झालाख ही छोटी नदी ओलांडली की देश बदलतो. ही वाट मुळात मिठाची आहे. साल्झबर्गच्या नावातच मीठ आहे. जवळच्या हालाइन गावावरील ड्युर्नबर्गच्या डोंगरातून केल्टिक काळापासून मीठ निघत होते, त्याच मिठावर साल्झबर्गचे आर्चबिशप श्रीमंत झाले, आणि तिथले उत्पादन अगदी १९८९ पर्यंत सुरू होते. त्याहून गंमत म्युनिकची आहे. बव्हेरियाचा ड्यूक हेन्री, ज्याला सिंह म्हणत, त्याने फ्रायझिंगच्या बिशपचा इझार नदीवरील पूल पाडून टाकला आणि मिठाच्या गाड्यांचा रस्ता म्युनिकच्या आपल्या पुलाकडे वळवला, म्हणजे जकात आपल्या पेटीत पडावी. भांडण सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापर्यंत गेले. त्याने १४ जून ११५८ रोजी निवाडा दिला की पूल राहू दे, पण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यावा. ती तारीख म्युनिक आजही आपला वाढदिवस म्हणून साजरी करते. मिठाच्या जकातीवर जन्माला आलेल्या शहराने चित्रपट पाहताना साखर खावी, यावर मी गाडीत बराच वेळ एकटीच हसत होते.

साल्झबर्गला पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. थेंब न दिसता नुसत्या दोऱ्या लोंबत असाव्यात अशा या पावसाला तिथे दोरीचा पाऊस अशा अर्थाचा खास शब्द आहे. किल्ला ढगात गेला, छत्र्या उलट्या झाल्या, आणि दुपारी तीनलाच आम्ही चित्रपटगृहाचा आसरा घेतला. येथे कुणी गोड की खारट असे विचारलेही नाही. मुलीने फावड्याने पिशवी भरली, आणि मग "साकर्ल?" असे काहीतरी म्हणाली. आदल्या दिवशीची शिकलेली मी ताडकन म्हणाले, "नको, नको, साखर नको!" तिने हातातली मोठी पिशवी निमूटपणे खाली ठेवली. भाची हसून वाकली होती. साकर्ल म्हणजे पिशवी, म्युनिकमध्ये तिलाच ट्यूटे म्हणतात. मक्यालाही येथील जुनी माणसे कुकुरूत्स म्हणतात, जर्मनीत तो माइस असतो. भाषा एक, पण पिशवीचे नाव वेगळे आणि पिशवीतली चवही वेगळी. पहिली लाही जिभेवर टेकताच मीठ लागले, ओठांच्या कोपऱ्यात चुरचुरले, आणि मी घरी आल्यासारखी खुर्चीत सैलावले.

माझा अंदाज मात्र तिथेच ढासळला. जर्मनांना गोड आवडते म्हणून गोड, असे म्हणावे तर ऑस्ट्रियन लोक त्यांच्याहून एक पाऊल पुढे आहेत. याच गावात पाउल फ्युर्स्ट या मिठाईवाल्याने १८९० मध्ये मोझार्टच्या नावाची चॉकलेटची गोळी काढली. याच गावाचे नॉकर्ल म्हणजे अंड्यातील पांढऱ्याचा फेस आणि साखर यांचे तीन डोंगर असतात, आणि जर्दाळूचे गोड उंडे तर इथे जेवण म्हणून खातात. एवढ्या गोडखाऊ माणसांनी पॉपकॉर्न तेवढे खारट का ठेवावे, याचे उत्तर काउंटरवरच्या मुलीलाही देता आले नाही. भाचीने तिला विचारले तेव्हा तिने खांदे उडवले आणि उलट आम्हालाच विचारले की लाहीला साखर कोण लावते.

परतल्यावर मी भाचीच्या स्वयंपाकघरात दुकानातला मका आणून लाह्या फोडल्या आणि त्यांना तेल, मोहरी, हिंग, हळद, लाल तिखट अशी सोलापुरी फोडणी दिली. म्युनिकमध्ये जन्मलेल्या सात वर्षांच्या नातीने एक लाही चावली, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "आजी, हे बिघडलंय." मग तिने स्वतःच डबा काढून माझ्या पिवळ्याधमक लाह्यांवर दोन चमचे पिठीसाखर भुरभुरवली. ती चिकटेल कशाला? सगळी घरंगळत वाडग्याच्या तळाशी गेली. नातीने लाह्या बाजूला सारल्या, बोट ओले केले आणि तळ स्वच्छ पुसून खाल्ला. लाह्या मी संपवल्या.